सिमेंटची गोळी

सिस्टर गंधालीच्या हातमोजा घातलेल्या बोटांतली गोळी वाटाण्याएवढी होती. पांढरी, मऊ, अजून बोटाला चिकटणारी. मणक्यात भरायच्या सिमेंटचाच तो एक चिमूटभर तुकडा. सिमेंट किती घट्ट झालंय, ते त्यावरून कळायचं. पातळ असताना भरलं तर ते हाडाबाहेर पळतं, उशीर झाला तर सुईतच अडकतं.

ऑपरेशनच्या टेबलावर नाहूरच्या वनमालाबाई पालथ्या झोपल्या होत्या. हाडं ठिसूळ, बादली उचलायचं निमित्त झालं आणि मणका पिचला. पाठ तेवढी बधिर केलेली, त्यामुळे तोंड चालू होतं.

"अजून किती वेळ रे झिला?"

"झालंच, आजी," डॉक्टर निहार म्हणाला. मास्कवरचे त्याचे डोळे गंधालीकडे वळले.

याच डोळ्यांनी गेल्या पावसाळ्यात, मुलुंडच्या या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये तिला विचारलं होतं— लग्न करशील माझ्याशी? ती म्हणाली होती, "बघू." तेव्हापासून रोज त्याचं एकच, "बघितलंस?"

"अजून चष्मा लागायचाय," ती म्हणायची आणि हसत निघून जायची.

खरं कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं. थिएटरमध्ये काही बिघडलं की बोट सिस्टरकडे वळतं, हे तिनं पुष्कळदा सोसलं होतं. घर ज्याच्याबरोबर करायचं, त्याचं बोट वेळ आल्यावर कुणाकडे वळेल...?

"सर, थांबा. अजून चिकटतंय."

वनमालाबाई कळवळून कण्हल्या. निहारला राहवलं नाही. त्यानं भरायला सुरुवात केली.

एक्स-रेच्या पडद्यावर एक काळी रेघ मणक्याबाहेर, शिरेत सरकली. त्याचा हात तिथेच थांबला. आजींना खोकल्याची उबळ आली, ऑक्सिजन खाली घसरला... मग मास्क, स्कॅन, धावपळ. सिमेंटचा बारीक कण फुफ्फुसात गेला होता. संध्याकाळी श्वास सुरळीत झाला, पण रक्त पातळ ठेवायची औषधं आणि काही दिवस देखरेख लागणारच होती.

बाहेर त्यांची मुलगी सपना वाट बघत उभी होती. "डॉक्टर, नेमकं झालं काय?"

निहारच्या मागे उभ्या गंधालीनं श्वास रोखला.

"सिमेंट थोडं बाहेर गेलं. सगळी काळजी घेऊनही कधीकधी जातं," तो म्हणाला.

गंधालीनं डोळे मिटले. म्हणजे हाही...

"पण आज मी घाई केली. सिस्टर थांबा म्हणाल्या होत्या, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे."

सपनाचा आवाज चढला. तो मान खाली न घालता एकेका प्रश्नाला उत्तर देत उभा राहिला.

नंतर कँटीनमध्ये त्याच्या चहावर साय धरली, तरी कप उचलला गेला नव्हता. गंधाली समोर येऊन बसली.

"आज नाही विचारणार मी," तो पुटपुटला. "आज बघण्यासारखं काही नाही माझ्यात."

तिनं खिशातली गोळी काढून बशीत टाकली. टक् असा आवाज झाला. दगड झाली होती.

"थांब म्हटलं की थांबत जा रे."

"थांबलोय की... केव्हाचा!" तो कसानुसा हसला.

ती मात्र हसली नाही. तिनं त्याच्या बोटांवर हात ठेवला.

"रविवारी घरी ये, निहार. आईला सांगायचंय— मी तुझ्याशी लग्न करणार आहे."