अर्धा सवाल

कल्याण पहिल्यांदा आला तो भांडतच. माझ्याशी नाही, मोबाईलशी. अंबडच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. सातबाऱ्याची झेरॉक्स मागताना त्याने मोबाईल काउंटरवर आपटला.

"मॅडम, ह्या एआयला बिलकुल अक्कल न्हाई. मोसंबीचं इचारलं, तर भलतंच सांगून राह्यलं."

मी त्याचा प्रश्न वाचला आणि हसू आवरेना. 'पानं पिवळी. उपाय?' बस्स, एवढंच.

"डॉक्टरकडं जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का हो? झाडं किती वर्षांची, जमीन कशी, पाणी किती, आधी काय टाकलं... सगळं सांगा. तुम्ही सांगणार न्हाई ते हे मनानंच भरतं."

त्याने सगळं लिहिलं. उत्तर नेमकं आलं, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातून मशीनमध्ये कागद उलटा गेला.

मग त्याचे प्रश्न काही संपेनात. कधी ठिबकचा, कधी पीकविम्याचा. येताना मोसंबी आणायचा, सोलायचाही तोच. फोड हातावर ठेवताना बोटं जराशी रेंगाळायची... आणि तो वास जाऊ नये म्हणून मी हात धुवायचं टाळायचे.

परवा मात्र मोबाईल माझ्यापुढे सरकवून तो खाली बघत बसला. 'मला एक मुलगी आवडते. शिकलेली आहे, स्वतःचं दुकान चालवते. घरच्यांना लग्नासाठी कसं तयार करू?' खाली गोड उत्तर होतं — आईवडिलांशी मोकळेपणाने बोला, ते समजून घेतील.

किती वाट पाहिली होती मी याची. आणि मग दिसलं, या प्रश्नात मी पुरती नव्हतेच. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तर त्याला रोज दिसत होता.

"सगळं सांगितलं न्हाई तुम्ही," मी म्हणाले.

त्याला कळलं. मोबाईल ओढून घेऊन त्याने लिहिलं, 'मुलगी बौद्ध आहे. आम्ही दुसऱ्या जातीचे.' अंगठा तिथेच थांबला.

"घरी बी एवढंच बोललो, साक्षी... पोरगी हाय म्हणून. आईनं आडनाव इचारलं. मी उठून रानात गेल्तो."

मग त्याने ते वाक्य हळूहळू पुसलं आणि जुनाच प्रश्न पुन्हा पाठवला. तेच गोड उत्तर आलं.

"बघ ना... समजून घेतील म्हणून राह्यलं."

"घेतील की," मी म्हणाले. "मला गाळल्यावर कोण न्हाई म्हणंल?"

तो मोबाईल उचलून स्टँडकडे गेला. मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण आता काही उरलं नाही, एवढंच कळत होतं. काउंटरवर अर्धी सोललेली मोसंबी तशीच पडली होती.

मी आत जाऊन हात धुतले. साबण लावून, चोळून चोळून धुतले. वास काही गेला नाही.