एक मनगट तुमचं, एक माझं

कागदाच्या पट्ट्या संपल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं बघा.

परफ्यूमच्या काउंटरवर वास घेऊन बघायला पांढऱ्या पट्ट्या असतात ना, त्या नेमक्या त्या दुपारी संपल्या. आणि नेमकी त्याच दुपारी ती जेवणाच्या सुट्टीत जिना उतरून धापा टाकत तिथे आली. त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानात ती डोळे तपासायची. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं सरकवायची आणि विचारायचं, "आधीचं स्पष्ट दिसतं, की हे?" दिवसभर लोकांना निवड करायला लावणाऱ्या या बाईसाहेबांना स्वतःला मात्र साधा चपलांचा जोड निवडताना घाम फुटायचा. "हिचं लग्न ठरवायचं म्हणजे दोन नवरे घरी आणावे लागतील, एक परत करायच्या बोलीवर," असं तिची आई म्हणायची.

तर झालं असं, की त्या सकाळी दुकानाच्या मालकांनी तिला बाजूला घेतलं होतं. "अगं, तू जे काही फवारून येतेस ना... कालच्या आजोबांना शिंकांवर शिंका. खोली केवढीशी, तू वाकतेस किती जवळ! रोजच्याला काहीतरी हलकं लाव बघू." तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रोजच्यासाठी दोनच आहेत बघ," काउंटरवरच्या काकू म्हणाल्या. "ही निळी आणि ही तपकिरी. अख्खं गाव हीच दोन लावतं. निळीला लिंबाच्या सालीचा वास, तपकिरीला लाकडाचा. पण आत्ताचा वास काही खरा नाही हं. कातडीवर मुरला पाहिजे. संध्याकाळी जो उरतो, तो आपला."

पंचाईत अशी, की तिच्या डाव्या मनगटावर काकूंनी आधीच भलतंच काहीतरी फवारलेलं. निळी उजव्यावर गेली. आता तपकिरीला जागा कुठे?

"माझं घ्या," शेजारून आवाज आला. "मनगट रिकामंच आहे. घड्याळसुद्धा नाही."

तो ग्रीस निघेल असा साबण शोधत होता. इमारतीची नवी लिफ्ट बसवायला आलेला... सगळे त्याला लिफ्टवाला म्हणायचे. केसांत धूळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळ्यांत चक्क हसू. तिने काही म्हणायच्या आत काकूंनी त्याच्या मनगटावर फुस्स केलंसुद्धा.

"पण मला संध्याकाळी वास घेऊन बघायचाय," ती गोंधळून म्हणाली.

"मग संध्याकाळी येतो की मनगट घेऊन. एकटं कसं पाठवू त्याला?"

संध्याकाळी ती जिना उतरली, तर हा खरंच खालच्या पायरीवर उभा. बाही दुमडून, हात पुढे करून, इतका गंभीर, की तिला हसूच फुटलं. मग ती वाकली... आणि हसायचं विसरली. लाकडाचा ऊबदार वास होता, हो, होताच. पण त्याच्याखाली यंत्राचं तेल होतं, लोखंड होतं, उन्हात वाळलेल्या शर्टाचं काहीतरी होतं. छातीत असं धडधडायला लागलं, की त्याला ऐकू जातंय की काय असं तिला वाटलं.

"बरा आहे," ती म्हणाली. शुद्ध थाप!

मग तिने स्वतःचं मनगट पुढे केलं. त्याने हात लावला नाही, नुसते डोळे मिटले. मिटले ते मिटलेच.

"अहो, झोपलात की काय?"

"थांबा हो. नीट बघू द्या." मग डोळे उघडून, "बोला. निळी की तपकिरी?"

"एका दिवसात कसं कळणार?"

"तेच म्हणतो मी. रोज वापरायची वस्तू आहे. घाई कशाला?"

आणि मग काय, रोजचंच झालं. दुपारी काकू फवारायच्या, निळी तिच्यावर, तपकिरी त्याच्यावर, अगदी ठरल्यासारखी. संध्याकाळी जिन्यापाशी हजेरी. कधी गप्पा पाच मिनिटं चालायच्या, कधी रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत. एकदा पावसाची झड खिडकीतून आत आली आणि तो तिच्या बाजूला सरकला, तो पाऊस थांबला तरी परत मागे गेला नाही. काकूंना काय ते केव्हाच कळलं होतं, पण बाई फुकट फवारत राहिल्या.

अख्खी इमारत लिफ्टसाठी देव पाण्यात घालून बसली होती. गुडघे धरून जिना चढणारे म्हातारे, कुरकुरणारे मालक... आणि ही एकटीच, मनातल्या मनात, एखादा तरी सुटा भाग यायला उशीर होऊ दे म्हणत होती. कारण त्याने सांगून ठेवलं होतं, "लिफ्ट चालू झाली की लिफ्टवाला पुढच्या गावी. आमचं असंच असतं."

शेवटी झालीच ती चालू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालक तर लहान मुलासारखे दोनदा वर-खाली करून आले. ती जिन्यानेच उतरली.

तो खांद्याला पिशवी लावून उभा होता. "आज शेवटचं," तो म्हणाला. "आता तरी सांगून टाका. निळी की तपकिरी?"

जाऊ नका. एवढंच म्हणायचं होतं तिला. दोन शब्द! ते ओठांपर्यंत आले, तिथे अडखळले, आणि तोंडातून बाहेर पडलं, "तपकिरी."

"म्हणजे माझ्यावरची..."

"हो."

तो पिशवीचा पट्टा सावरत राहिला. "चला, एक निवड तरी झाली तुमची," असं म्हणत हसला आणि गेला. ती तिथेच उभी राहिली, दुसऱ्याच कुणाचं तरी आयुष्य बघत असल्यासारखी.

तपकिरी बाटली तिने दुसऱ्याच दिवशी घेतली. फवारली. दुपारी वास घेतला, संध्याकाळी घेतला. नव्या कपाटाचं दार उघडल्यासारखा नुसता लाकडाचा वास! मुरला नसेल, म्हणून जास्त फवारली. उशीवर फवारली. "घरात सुतार बोलावलाय का गं?" तिच्या ताईने विचारलं. त्या अंधाऱ्या खोलीत माणसं पुन्हा शिंकायला लागली. तो वास काही येईना. आणि लिफ्टने ती एकदाही गेली नाही. त्या लिफ्टनेच तर त्याला घालवलं होतं! रोज हट्टाने जिना चढायची, आणि खालच्या पायरीपाशी उगाच थांबायची.

एके दुपारी तिने बाटली काउंटरवर आपटली. "काकू, ही नकली आहे."

काकूंनी हुंगून बघितलं. "अस्सल आहे. अगं वेडाबाई, घ्यायच्या आधी तू ही स्वतःवर कधी लावून बघितलीस का? रोज त्याच्यावर बघितलीस. निम्मा वास कातडीचा असतो. तो निम्मा मी कुठून विकू?"

खरंच की! इतक्या संध्याकाळी, आणि एकदाही दोन्ही वास एकाच मनगटावर घेतले नव्हते. डोळे भरून आले तिचे. "मला वास नकोच आहे, काकू," ती म्हणाली. "मला तोच हवाय."

"मग हे मला सांगून काय उपयोग?" काकूंनी रुमाल पुढे केला. "सकाळी एक जण निळी बाटली घेऊन असाच भांडून गेला. म्हणे, नुसतं लिंबू येतं, बाकीचं काही येतच नाही."

"कुठाय तो?"

"लिफ्टमध्ये. देखभालीला आलाय."

ती धावली. दार उघडंच होतं. तो आत गुडघ्यांवर बसून बटणांची पाटी खोलत होता. "कुठला मजला?" असं विचारत त्याने मान वळवली, आणि हातातला पाना खाली पडला.

ती आत शिरली. दार मिटलं.

"तुम्ही पुढच्या गावी जाणार होतात..."

"गेलो होतो. जमेना. नवीन लिफ्ट बसवायचं सोडलं, इथल्या सांभाळायचं काम मागून घेतलं." मग खाली बघत, "ती निळी बाटली... वाटलं होतं, रोज लावली की तुम्ही जवळ असल्यासारखं वाटेल. नाही वाटत."

"मनगट," ती म्हणाली.

"काय?"

"मनगट दे तुझं."

त्याने हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. तेल. लोखंड. उन्हात वाळलेला शर्ट.

"हाच," ती म्हणाली. "हा हवाय मला. रोज."

"अगं, पण आज तर मी काहीच लावलेलं नाहीये..."

"माहीत आहे मला."

बाहेर कुणीतरी दारावर थापा मारायला लागलं. "अहो, बंद पडली की काय?" मालकांचाच आवाज.

"तपासणी चालू आहे!" तो ओरडून म्हणाला. "वेळ लागेल. जिन्याने जा!"