पराटीतून आलेली ओ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसलोच असतो. पण हे माझ्यासोबत घडलंय, देवळीजवळच्या आमच्याच शेतात, गेल्या वर्षीच्या नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जाळणाऱ्या दिवसांत. आणि रात्री नाही... भर दुपारी.

मी नीलेश. थोरला भाऊ रूपराव, म्हणजे दादा, आणि मी वाळलेली पराटी उपटत होतो. कपाशीची ती झाडं छातीएवढी. वाकलं की माणूस दिसत नाही.

म्हणून आमच्या घरात एक रीत आहे. उन्हात हातपाय थकायच्या आधी डोकं भरकटतं, आणि ज्याचं भरकटतं त्यालाच ते कळत नाही. त्यामुळे अधूनमधून आवाज द्यायचा, काहीतरी साधं विचारायचं. उत्तर चुकलं की ओढून सावलीत न्यायचं.

"दादा, आज कोनता वार हाय?"

"बुधवार."

बरोबर.

मी पुढे सरकलो. डोळ्यांपुढे शेत हलत होतं. एकच झाड दोनदा धरायला गेलो, दोन्ही वेळा मूठ रिकामी.

"दादा, सकाळी काय खाल्लं?"

"चून-भाकर."

बरोबर.

तरी काहीतरी खटकत होतं. काय, ते सुचेना. डोकं चालतच नव्हतं...

मग लक्षात आलं.

पराटी मोडल्याचा आवाज एकाच बाजूनं येत होता. माझ्या.

"दादा, तुह्या पोरीचं..."

"काजल."

प्रश्न पुरा व्हायच्या आधीच. आणि त्या आवाजाला धाप नव्हती.

मी धावलो. दादा धुऱ्याजवळ, शेताच्या बांधाला पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, जीभ टाळूला चिकटलेली. हा बोलणार कसा? मी पार घाबरलो. कॅनमधलं पाणी त्याच्यावर ओतलं, रडत रडत त्याला रस्त्यापर्यंत ओढलं आणि ऑटोनं वर्ध्याला नेलं.

डॉक्टर म्हणाले, "तुमचंही डोकं तापलं होतं. भास झाला."

मी ते मानलं. मानायला बरं होतं.

दादा शुद्धीवर आला तेव्हा वहिनी रडत होती. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. रागानं.

"निल्या, मी तुले आवाज देल्ला ना बे... चक्कर येऊन राह्यली, इकडं ये म्हणून."

"मले ऐकूच नाई आलं, दादा."

"खोटं नको बोलू. तू ओ देल्ली. म्हणे, येतोच, पडून राय." त्यानं माझा हात झटकला. "मंग आला काऊन नाई?"

मी तसं काहीच बोललो नव्हतो...

यंदा ते शेत पडीत आहे. दादाचा माझ्यावर अजून पुरता विश्वास बसलेला नाही. घरात त्यानं हाक मारली की मी ओ देत नाही, उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो.

वहिनीला वाटतं, मी उर्मट झालोय.