तिसऱ्या गिअरच्या प्लेटा

गिअरबॉक्स उघडला की गाडी चालवणारा माणूस कळतो, असं मास्तरांचं म्हणणं. बाजारात त्यांना सगळे गिअरमास्तरच म्हणत. तीस वर्षं त्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशिवाय दुसऱ्या कशाला हात लावला नव्हता. घरातला नळ गळला तरी प्लंबरला बोलवायचे. ब्रेकवर पाय ठेवून गाडी हाकणारा, चढावर घाई करणारा, बायकोशी भांडून निघालेला, सगळे त्यांना जळक्या तेलाच्या वासावरून आणि प्लेटांच्या झिजेवरून ओळखू यायचे. निदान ते तसं शपथेवर सांगायचे.

त्यामुळे स्वतःच्या बायकोच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडताना आत काय दिसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. चार महिन्यांचं आजारपण, आणि संपलंच. तिची शर्यतीची गाडी तेव्हापासून शेडच्या कोपऱ्यात कापडाखाली उभी होती. ती आता उघडायची वेळ आली ती लेकीमुळे. लेक चोवीस वर्षांची, आईसारखीच वेगाची वेडी. तीन आठवड्यांनी घाटातली शर्यत होती आणि तिला ती आईच्याच गाडीतून करायची होती.

"इंजिनाची ताकद मी दुप्पट केलीय," ती म्हणाली. "आता त्याला पुरून उरेल असा गिअरबॉक्स तेवढा करून दे, बाबा. बाकी काही मागत नाही."

"बाकी मागायला उरतंय काय?" मास्तर म्हणाले आणि पाना हातात घेतला.

ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पायडल नसतं. आत प्रत्येक गिअरची गोल प्लेटांची एक चळत असते. तेलाच्या दाबाने त्या एकमेकींवर आवळल्या की गिअर पडतो. चालवणाऱ्याने नुसता ॲक्सिलरेटर दाबून धरायचा. पण बायकोला एक खोड होती. दुसऱ्यातून तिसरा पडायच्या वेळी ती पाय अर्धा क्षण वर उचलायची. मग तिसऱ्याच्या प्लेटा धरायच्या, सोडायच्या, पुन्हा धरायच्या, आणि जळायच्या. "तुझा अर्धा क्षण मला दर वर्षी नव्या प्लेटांना पडतो," मास्तर कुरकुरायचे. "अहो, गाडीलाही श्वास घेऊ द्या की," ती म्हणायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ती खूण होतीच. प्लेटांच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी रुंद, काळी, चकचकीत पट्टी. दुसऱ्या कुणाच्याही गाडीत मास्तरांनी ती पाहिली नव्हती. त्यांनी प्लेटा पुसल्या, टाकून द्यायला म्हणून बाजूला काढल्या, पण टाकल्या मात्र नाहीत.

मग पार्ट निवडायला दोघं बसली. लेक याबाबतीत भलती चिकट. जाड शाफ्ट ठरला, तेलाचा दाब वाढवणाऱ्या कडक स्प्रिंगा ठरल्या. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवरून दोन दिवस हुज्जत झाली आणि लेक जिंकली. उरल्या तिसऱ्याच्या प्लेटा. पार्टवाल्याने दोन्ही जातींचे संच पाठवले होते. एक साध्या, मऊ अस्तराच्या; त्यांनी गिअर लोण्यासारखा पडतो, पण ताण आला की झिजतात. दुसऱ्या शर्यतीच्या, कडक. गिअर धाडकन पडतो, पण वर्षभर राबवल्या तरी त्यांच्यावर ओरखडा उठत नाही.

"यात निवडायचं काय?" लेक म्हणाली. "वरच्या वळणावर तिसरा घसरला तर मी गाडीसकट दरीत."

"तेवढं कळतं मला."

कळत होतंच. पण मास्तरांची एक पद्धत होती. आधी साध्या प्लेटा ड्रममध्ये कोरड्याच रचायच्या, चळतीच्या वरची मोकळी जागा मोजायची, आणि त्यावरून कडक प्लेटा किती बसतील ते ठरवायचं. मंगळवारी ती जागा पाऊण मिलिमीटर भरली. बुधवारी सकाळी सहज पुन्हा पाहिली तर पुरती एक.

त्यांनी चष्मा पुसला, गेज बदलला, तीनदा मोजलं. एकच.

टेबलावर पडून प्लेटा झिजत नसतात. मास्तरांनी चळत बाहेर काढली. सगळ्या प्लेटांच्या बाहेरच्या कडेला नखाएवढी काळी पट्टी होती. त्यांनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. जळकं तेल. त्या प्लेटांना अजून तेलाचा थेंबही लागला नव्हता.

जुन्या प्लेटा चुकून मिसळल्या असतील, असं त्यांनी आधी मनाला समजावलं. पण जुन्या होत्या तिथेच होत्या. मग त्यांनी नवा संच फोडला, प्रत्येक प्लेटेवर स्वतःची सही केली आणि रचून घरी गेले. सकाळी सहीच्या बाजूलाच पट्टी होती. त्यांनी पार्टवाल्याला फोन लावला.

"तुमचा माल न वापरता झिजतो का हो?"

"मास्तर," पार्टवाला जपून म्हणाला, "चार दिवस कुठेतरी जाऊन या तुम्ही."

मास्तर कुठेही गेले नाहीत. खरं तर त्यांनी घाबरायला हवं होतं, पण त्यांना घाई सुटली होती. दुसऱ्या दिवशी ते चहा अर्धा टाकून शेडवर आले, आणि कुलूप काढताना त्यांच्या लक्षात आलं की आपण दाढी करून आलोय. तीन वर्षांत शेडवर यायला त्यांनी दाढी केली नव्हती. पट्टी पाहिली आणि त्यांना भडभडून आलं. तिची आठवण रोजच यायची, त्या आठवणीबरोबर जगायची त्यांनी सवय करून घेतली होती. हे वेगळं होतं. त्यांना ती हवी होती, समोर, कुरकुर ऐकून हसणारी.

मग त्यांनी कडक प्लेटा रचून पाहिल्या. चार दिवस तशाच ठेवल्या. चारही दिवस मोकळी जागा होती तेवढीच राहिली, एका केसाचाही फरक नाही. ते चार दिवस तिच्या जाण्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांसारखे गेले. पाचव्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा साध्या घातल्या. सकाळी पट्टी बोटभर रुंद होती.

"कडक टाकल्यास ना?" लेकीने दारातूनच विचारलं.

"टाकल्या," मास्तर म्हणाले.

तीस वर्षांत ते गिऱ्हाइकाशीसुद्धा खोटं बोलले नव्हते.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारपर्यंत त्यांनी टाळाटाळ केली. लेक इंजिनाशी झटून थकली होती. गाडीची ड्रायव्हरची सीट रंगासाठी काढून जमिनीवर ठेवली होती, तिच्यातच ती अंग टाकून झोपली. तोंड किंचित उघडं, गालावर ग्रीस. लहानपणी झोपायची तशीच. तिच्याकडे बघताना मास्तरांना स्वतःची लाज वाटली. पोरीचा जीव टांगून आपण कशाची वाट बघतोय?

त्यांनी साध्या प्लेटा काढल्या. कडक प्लेटा तेलात भिजवल्या, ड्रममध्ये रचल्या, वरची क्लिप दाबून बसवली. ड्रम गिअरबॉक्समध्ये उतरवला. पुढचं झाकण लावलं आणि बोल्ट एकेक करून आवळले.

"माफ कर," ते हळूच म्हणाले, आणि हात पुसायला वळले.

मागे घासल्यासारखा आवाज झाला.

लेक झोपलेलीच होती. तिचा उजवा पाय जमीन दाबत होता. दाबून धरला. अर्धा क्षण वर उचलला. पुन्हा दाबला.

तिला गाडी मास्तरांनीच शिकवली होती. तिसऱ्याला पाय उचलायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने तो कधीच उचलला नव्हता.

पाय पुन्हा दाबला गेला, उचलला गेला, दाबला गेला. या वेळी जोरात.

मास्तरांनी टेबलावरच्या गिअरबॉक्सवर हात ठेवला. गार. आत काहीही हललं नव्हतं. कडक प्लेटा आपल्या जागी घट्ट बसल्या होत्या.

पायाला धीर निघेना. दाब, उचल, दाब. टाच फरशीवर घसरत होती. झोपेतच लेकीच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी लेकीची नव्हती. रस्ता ओळखीचा असून वळण सापडत नसेल तर बायकोच्या कपाळावर पडायची, तीच.

तिला तिसरा सापडत नव्हता.

लेकीला हाक मारावी म्हणून मास्तरांनी तोंड उघडलं. एक हाक पुरली असती. ती दचकून उठली असती, "काय रे बाबा" म्हणाली असती, आणि सगळं संपलं असतं. परवा घाटात काय होऊ शकतं, वरचं वळण किती अरुंद आहे, ताणाखाली मऊ प्लेटा किती वेळ टिकतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी तोंड मिटलं. शेडचं दार आतून लोटून घेतलं. साध्या प्लेटांचा शेवटचा संच फळीवरून खाली उतरवला.

आवाजाने तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी पाना फडक्यात गुंडाळला. झाकणाचा पहिला बोल्ट सैल झाला, तेव्हा लेकीचा पाय जमिनीपासून बोटभर वर थांबला होता, आणि तो तसाच थांबून राहिला.