थेंबाचं औषध

“ताई, काय पाजलंत माझ्या बाळाला? खरं सांगा!”

योगिनीचा तो चिरका आवाज वर्तकनगरच्या त्या घरात असा घुमला, की कांताताईंच्या हातातलं ओलं दुपटं गळूनच पडलं. सकाळपासून दूध ओकणारी पाळण्यातली तान्ही पोर आता रडायचंही विसरून मान टाकून पडली होती...

मागे एकदा घुटी उगाळताना या भावजयीनं, योगिनीनं, पकडल्यापासून बाळाच्या तोंडात काहीही घालायची कांताताईंना सक्त मनाई होती. ती त्यांनी पाळलीही होती. आईविना वाढलेल्या धाकट्या भावासाठी त्यांनी लग्न सोडलं, पुढची खोली सोडली, कलिंगडाचा मधला गरसुद्धा सोडला; इतकं सोडणाऱ्या बाईला सहाण सोडणं काय जड!

“ताईवर ढकलू नकोस!” संदेश बायकोवर कडाडला. “आई आहेस ना तू? लक्ष कुठे असतं तुझं दिवसभर?”

योगिनी पांढरीफटक पडली. कांताताईंच्या काळजात चर्र झालं. भाऊ आपला, पण ही लेक दुसऱ्याची... हिची बाजू इथे कोण घेणार? आणि त्या बोलून गेल्या, “तिला बोलू नकोस रे! मीच दिली घुटी. चोरून.”

माजिवड्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढला. “कॅल्शियम भयंकर वाढलंय. किडनीला धोका आहे. आजी, घुटीत काय होतं?”

“आत्या आहे मी... वेखंड, जायफळ, हळकुंड...”

“त्यानं असं होत नाही हो! कुठलं भस्म होतं का? नीट आठवा, तुम्ही सांगाल त्यावर पुढचे उपचार ठरणार!”

कांताताई हादरल्या. आजवर त्यांच्या त्यागाची कुणी उलटतपासणी घेतली नव्हती. इथे ही बाई एकेक जिन्नस विचारत होती, आणि त्या खोट्याची किंमत ती निपचित चिमुरडी मोजणार होती!

“डॉक्टर... खोटं बोलले मी. मी काही म्हणजे काही दिलेलं नाही. देवाशप्पथ!”

डॉक्टरीणबाई योगिनीकडे वळल्या.

“मग बाळाला दुसरं काय देता?”

योगिनीनं पर्समधून बाटली काढली. “फक्त हे, डी व्हिटॅमिन. जन्मल्यावर सांगितलं होतं तसं रोज ड्रॉपर भरून.”

“ड्रॉपर भरून?” डॉक्टरीणबाईंनी लेबल उजेडात धरलं. “अहो, हे दुसरं आहे, तीव्र! याचा एकच थेंब द्यायचा असतो!”

“पण केमिस्ट म्हणाला, तेच आहे, फक्त कंपनी वेगळी... महिना झाला, मी न चुकता...” ज्या हातांनी अंगाई म्हणत रोज पाजलं, त्याच हातांकडे ती विस्फारल्या डोळ्यांनी बघत राहिली!

“कळलं ते बरं झालं. हे आजपासून बंद. सिस्टर, सलाईन!”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळानं भुकेचा टाहो फोडला, तेव्हा कुठे त्या तिघांना श्वास आला.

“ताई...” योगिनी हुंदक्यांनी गदगदत होती. “मी तुमच्यावर आळ घेतला, आणि तुम्ही माझ्यासाठी...”

“अगं, माझ्या शहाणपणानं पोर गेली असती की! रडू नकोस. आधी पाज तिला.”

“आईसोबत एकानंच थांबायचं हं,” सिस्टर दारातून ओरडली.

कांताताईंनी मुकाट्यानं पिशवी उचलली. योगिनीनं त्यांचा पदर घट्ट धरला आणि खोलीतल्या एकुलत्या एका स्टुलावर बसलेल्या नवऱ्याला म्हणाली,

“संदेश, ऊठ. ताईंना बसू दे.”