चौथा चौकोन

चंचलनं कुलदीपला पहिल्यांदा पाहिलं ते वरून. आधी डोक्यावरचा भोवरा, मग नाक, मग टेबलावर उघडलेला डबा – या क्रमानं. स्थळ पाहण्याची ही पद्धत आपल्याकडे रूढ नाही, हे कबूल. पण जी रूढ आहे तिच्यात तरी माणूस कुठे नीट दिसतो?

तेलंगणात नेरडीगोंड्याजवळ, हायवेला लागून सुधाकररावांची जिनिंग मिल. हिशेबापासून कॅमेऱ्यांपर्यंत तिथलं सगळं चंचल बघायची. कापसाचा हंगाम ऐन भरात होता. हवेत सरकीचा वास, केसांत पांढरे पुंजके. एका दुपारी तिच्या स्क्रीनवर मिलच्या तीन कॅमेऱ्यांशेजारी चौथा चौकोन उगवला. त्यात एक तरुण डब्यातलं कारलं बाजूला काढत होता. सगळं काढून झालं... आणि मग, आईला वाईट वाटेल म्हणून की काय, एकेक फोड डोळे मिटून खात होता.

हा कुलदीप. मिलला इंटरनेट पुरवणारी छोटी कंपनी त्याचीच, आणि त्याच्याच ऑफिसच्या कॅमेऱ्याचं चित्र गिऱ्हाइकांत वाटलं जात होतं, याचा त्याला पत्ता नव्हता.

दोन दिवसांनी पाचवा चौकोन उगवला, त्यात समोरच्या मिलचा वजनकाटा. याची तक्रार चंचलनं लगेच मालकांकडे केली. चौथ्याचं सांगायचं ती विसरली. रोज विसरली, जेवणाच्या सुट्टीत, टक लावून.

"त्यांचा काटा आपल्याले दिसते?" सुधाकरराव खूश झाले. मग चेहरा पडला. "म्हंजे आपला बी त्यांले दिसत असन!"

"असनच."

"हे पाह्य पोरी, आपलं त्यांले दिसू नये. त्यांचं आपल्याले दिसलं तं... ते राहू दे."

चंचलला हसू आलं. काय लबाड माणूस! मग तिला चौथा चौकोन आठवला आणि तिनं उगाच खोकून घेतलं.

मालकांनी हुकूम सोडला. कुलदीपनं गिऱ्हाइकं वेगवेगळी करावी, चंचलनं तपासावं. ती पास म्हणाली तर ठीक, नाहीतर निर्मल गावातली दुसरी कंपनी आणू.

ती त्याच्या ऑफिसात गेली. दारातली मऊ खुर्ची टाळून लाकडी स्टुलावर बसली.

"ती खुर्ची मोडकी हाये, तुमाले कसं समजलं?"

"तोंडावरूनच दिसते."

"माह्या?"

"खुर्चीच्या!... घोटाळा काऊन झाला, ते सांगा."

कुलदीपनं मान खाली घातली. "सगळे गिऱ्हाईक एकाच जुन्या राउटरवर हायेत, मॅडम. वरून सगळ्यांच्या मशीनींले मी सारखेच नंबर देले."

"काऊन?"

"भेदभाव नको म्हनून."

तो हे इतक्या गंभीरपणे म्हणाला, की चंचलला ओढणी तोंडाशी न्यावी लागली.

टेबलावर दोन राउटर होते. एकाला आठ अँटेना, उलट्या पडलेल्या कोळ्यासारखा. कुलदीप त्याच्याकडे नवरदेवाकडे पाहावं तसा पाहत होता. "याची स्पीड पाहा, मॅडम!"

"दोन मिलचे नंबर सारखेच राह्यले, तर हा त्यांले अलग ठेवीन?"

"पासवर्ड टाकता येते ना..."

"मी नंबराचं इचारून राह्यले."

मग त्यानं दुसरा पुढे सरकवला. राखाडी, बोडका, सरकारी कपाटासारखा. "हा ठेवते. याच्यात हरेक गिऱ्हाइकाचा रस्त्यांचा नकाशाच अलग. एका मिलले दुसरी मिल दुनियेत हाये, हेच मालूम नसते. पन महाग हाये... आन् दिसाले असा."

"दिसाले कसा हाये ते कोन पाह्यते?"

"लोकं पाह्यतात."

"मी नाई पाह्यत," चंचल म्हणाली. कित्येक दुपारी तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

तिची नजर त्या कोळ्यावर जरुरीपेक्षा जरा जास्त रेंगाळली. तो घेतला तर चौथा चौकोन राहील. पण काटाही राहील, आणि मिल कुलदीपच्या हातून जाईल. तिनं राखाडी खोक्यावर बोट ठेवलं.

"हाच घ्या. आन् त्याच्यात तुमचा कॅमेरा बी अलग करा."

"माहा? माहा कॅमेरा कुटं..." त्याचे कान हळूहळू लाल झाले. "तुमाले मी... दिसतो?"

"दिसता. आधीच सांगाले पाह्यजे होतं. चूक झाली माही."

"आन् मी त्या खुर्चीसंगं बोलतो, ते बी?"

"ते बी. पन आवाज नाई येत."

त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि लगेच तोंड पाडलं. "गिऱ्हाइकासंगं कसं बोलाचं, त्याची प्रॅक्टिस करतो मी."

"कोन्त्या गिऱ्हाइकासंगं?"

"एका मिलच्या."

"मालकासंगं?"

"...नाई."

राखाडी खोकं बसलं त्या दुपारी काटा गेला. चौथा चौकोन काळा झाला. चंचलनं फोनवर खरं ते सांगितलं, "पास." सुधाकररावांनी काट्याचा शोक केला. तिला मात्र शोक कोणाजवळ करावा, कळेना.

तेवढ्यात मिलच्याच फाटकाच्या चौकोनात एक स्कूटर थांबली. कुलदीपनं हेल्मेट काढलं, मान वर केली, सरळ कॅमेऱ्यात पाहिलं... आणि बोलायला लागला. हातवारे करून, न थांबता, भलंमोठं काहीतरी.

चंचल धावतच फाटकाशी गेली. "आवाज येत नाई, सांगतलं होतं ना!"

"म्हनूनच तं हिंमत झाली."

"आता पुन्हा म्हना."

"पुन्हा?... सगळं?"

"सगळं."

त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "मले तुमी आवडता. लई दिवसांपासून. तुमी मले वरूनच पाह्यलं... तं एकडाव समोरून बी पाहून घ्या."

चंचलनं पाहिलं. अगदी नीट, भोवरा सोडून.

"पाहीन," ती म्हणाली. "पन घाई नाई कराची. टाइम लागते मले."

"किती?"

"लई!" असं म्हणून तिनं त्याच्यासाठी फाटक उघडलं.