पाचच्या आत

दुसऱ्यांच्या घरांना अर्थिंग करून देण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, आणि सख्ख्या बहिणीच्या घराला अर्थिंग नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ताईला ऑक्सिजनचं मशीन लागलं तेव्हा ते उघडं पडलं. मशीनला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मशीन भाड्याने देणारा म्हणाला, "शुक्रवारपर्यंत अर्थिंग करून घ्या. रीडिंग पाच ओहमच्या आत पाहिजे. नाहीतर मला मशीन उचलावं लागेल."

मशीन गेलं असतं तर ताईने दोन दिवससुद्धा काढले नसते.

"माझा भाऊच करतो ते काम," नाकातली नळी सावरत ताई त्याला म्हणाली. "फक्त त्याला मुहूर्त सापडत नव्हता."

गुरुवारी सकाळी मागच्या अंगणात, तिच्या खिडकीखाली, मी खड्डा घेतला. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, खुर्ची टाकून देखरेख केली. जमीन मुरमाची. चार फुटी रॉड घणाने ठोकताना एकेका इंचाला घाम निघाला. टेस्टर लावला, आकडा आला अकरा. मग त्याच रॉडच्या डोक्यावर जोड बसवून दुसरा रॉड चढवला आणि घण उचलला.

तीन घावांत चारही फूट आत गेले, चिखलात काठी जावी तसे. आवाजसुद्धा झाला नाही.

"खाली विहीरबिहीर नाही ना रे?" दाजींनी विचारलं.

एवढा सहज उतरलेला रॉड म्हणजे खाली पोकळी, आणि पोकळीत रीडिंग वाईटच येणार. तो सोडून चार पावलांवर दुसरा ठोकायचा, हे मी शंभर जणांना शिकवलंय. पण टेस्टरने चार दाखवले. खांदे भरून आले होते, उद्या शुक्रवार होता. आयता मिळालेला आकडा मी घेतला.

शुक्रवारी मशीनवाला खूश होऊन गेला. ताईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली होती, तीही चौऱ्याण्णव दाखवत होती. "झिणझिण्या गेल्या रे," ताई म्हणाली. "हुशार आहेस, उशिरा का होईना."

शनिवारी सवयीने पुन्हा मोजलं. अडीच. आमच्या धंद्यात कमी आकडा म्हणजे चांगला आकडा. अर्थिंग फार चांगलं झालं अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. मी खुशीत घरात आलो तर ताईची चिमटी नव्वदवर होती.

रविवारी माझं रीडिंग दीड, तिचं सत्त्याऐंशी. डॉक्टर आले, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले. "छाती गेल्या आठवड्यासारखीच आहे," बाहेर येऊन ते म्हणाले. "हवा आत जातेय. मग अंगाला का लागत नाही, कळत नाही."

मी ताईच्या पायाशी बसलो. तिचा चेहरा मातकट झाला होता.

"श्वास घेतला की खाली उतरतो रे," ती म्हणाली. "छातीत थांबतच नाही."

"खाली म्हणजे?"

तिने बोटाने फरशी दाखवली.

सोमवारी दुपारी दाजी माझ्या मागे अंगणात आले. बायको आजारी पडल्यापासून त्यांनी थट्टा सोडली नव्हती, पण तेव्हा त्यांचा सूर वेगळा होता. "तुझा आकडा आणि हिचा आकडा दोन्ही सोबतीने उतरतायत."

"विजेला श्वास कळत नाही, दाजी." मी हसलो. टेस्टर लावला.

टेस्टरवर शून्य पूर्णांक तीन होते. मुरमाच्या जमिनीत असा आकडा मी आयुष्यात पाहिला नाही.

दाजी खिडकीशी जाऊन चिमटी वाचू लागले. मी रॉडवरचा क्लॅम्प सोडवला, घरात जाणारी वायर काढून लांब फेकली.

"अठ्ठ्याहत्तर," दाजी ओरडले.

रॉडला मोठा पाना लावला. रॉड जागच्या जागी गरगर फिरला. वर येईना.

"चौऱ्याहत्तर."

पाना टाकला. दोन्ही हातांनी रॉड धरून, पाय खड्ड्याच्या कडांना लावून ओढला. मी रडत होतो. तळहात सोलले.

तेव्हा ते हाताला कळलं. रॉड हलत होता. कणभर वर. थांबून, कणभर खाली.

"अरे, ये आत," दाजींनी आत जाऊन हाक मारली. "ये लवकर."

ताई गेली. चार वाजून वीस मिनिटं झाली होती, अंगणात लख्ख ऊन होतं. माझा हात रॉडवरच होता. तो हलायचा थांबला नाही.

याला दीड महिना झाला. दाजी म्हणतात, खड्डा बुजवून टाक, आता काय उपयोग. मी उद्या करतो म्हणतो. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालावं लागतं, माती सुकली की पकड जाते, असं सांगून मी रोज येतो. बादली हळूहळू ओततो, रॉडवर तळहात ठेवतो, घड्याळ लावून मोजतो. मिनिटाला अठरा. मध्ये मला ताप आला, दोन दिवस पाणी चुकलं. आलो तेव्हा जेमतेम सहा होते. त्यानंतर मी एकही दिवस चुकवलेला नाही.

काल बादली हातातून निसटली. सगळं पाणी एकदम खड्ड्यात गेलं.

रॉड थांबला.

मग खालून गचके बसू लागले, ठसका लागावा तसे, एकामागून एक.

"काय रे, काय सांडलं?" दाजींनी आतून विचारलं.

मी गुडघ्यांवर बसून ओंजळीओंजळीने पाणी उपसत होतो.